मुसळावरचा सहावा हात

माझं नाव चंपाबाई. गाव येळ्ळूरच्या पल्याडचं. तोंडानं मी फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवतो. आणि आमच्याकडं बायकाबी 'गेलतो, आलतो'च म्हणतात. पुण्याकडच्या कुणाला हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्यावं, मधी हसलेलं मला खपत न्हाय.

मी घाण्याची गाणी म्हणतो. लग्नाआधी मांडवात उखळ मांडायचं, मुसळाला आंब्याचा डहाळा आणि हळकुंड बांधायचं, पाच सवाशिणींनी मिळून ते मुसळ धरायचं आणि हळद कांडायची. कांडता कांडता गाणं म्हणायचं. त्याला आम्ही घाणा भरणं म्हणतो. गाणं एकदा सुरू झालं की हळद कांडून होईस्तवर थांबवायचं न्हाय. गाणं मोडलं तर घाणा मोडला, आणि घाणा मोडला तर अपशकुन. म्हणून गाणारीला दम लागतो. माझ्याकडं हाय तो. आईकडनं आला, आईला तिच्या आईकडनं. गावातल्या पोरी कुणाच्या हाताखालनं गेल्या असतील ते असू दे, नवऱ्या झालेल्या सगळ्या माझ्या गळ्याखालनं गेल्यात.

आमचे मालक वारले तवा माझा पोरगा नागेंद्र शाळेत जात होता. त्यानंतर भावकीतलं पहिलंच लग्न निघालं. घाण्याच्या दिवशी मी नेहमीसारखी उखळाजवळ जाऊन बसलो. बघतो तर बायका माझ्याकडं बघंनात. एकीनं पदर सारखा केला, एक उगंच हळकुंडं निवडायला लागली. मग थोरली जाऊ यशोदाबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चंपा, तू तेवढी गोठ्याकडं बस गं. आणि गाणं म्हण हां तिथनं. गाण्याबिगर घाणा कसा भरायचा?"

बघा म्हंजे! आवाज तेवढा सवाशीण आणि मी तेवढी विधवा.

अशी तिडीक गेली डोक्यात! उठलो, पदर खोचला, घरचा रस्ता धरला. तर आतनं नवरीमुलीनं भोकाड पसरलं, "चंपाकाकूनं म्हटल्याबिगर मी हळद लावून घेणार न्हाय!" आता त्या लेकराचं काय चुकलंय? मी मागल्या दारानं गोठ्यात गेलो, म्हशीला सरक म्हटलं आणि गाणं धरलं. रडत म्हटलं. मांडवात कुणाला कळलंबी न्हाय.

त्या दिवशी मांडव घालायला रवळू आला होता. तवा तो नुकताच मिसरूड फुटलेला, एक कर्णा आणि एक माईक घेऊन धंदा सुरू केलेला. गोठ्याच्या दारात येऊन हुभा राहिला, मला बघितलं. माघारी गेला आणि वायरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला. खिडकीतनं वायर आत ओढली, माझ्याम्होरं माईक ठेवला, माझ्या बुडाखाली पोतं दुमडून घातलं. म्हणाला, "चंपाक्का, तू कुठंबी बस. आवाज पार येळ्ळूरच्या गडावर ऐकू गेला पायजे."

तवापासनं आमच्या दोघांचं हे असंच. लग्न कुणाचंबी असू दे, रवळू आधी गोठा बघणार, न्हायतर घरामागचं परसू बघणार, न्हायतर न्हाणीमागची जागा बघणार. वायर टाकणार, पोतं दुमडणार, आणि मला हाळी मारणार, "चंपाक्का, चल." मी त्याच्यामागं चालत जाणार. जास्तीच्या वायरीचा एक पैसा त्यानं कवा कुणाकडं मागितला न्हाय. नव्या नवऱ्यांनी मला घाण्यात कवा बघितलंच न्हाय. त्यांच्या लेखी माझा आवाज कर्ण्यातनंच यायचा. हळूहळू गावाला त्यात काय वावगं वाटंना झालं. खरं सांगू? मलाबी वाटंना झालं. माणसाला कशाचीबी सवय लागती, ह्यो माणसाचा मोठा दोष हाय.

तर गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बेळगावातनं मारुतीराव म्हणून एक गृहस्थ घरी आले. तिथल्या एका लोककला मंडळाचे अध्यक्ष. पांढरी टोपी, साखरेत घोळलेलं बोलणं. चहा घेऊन म्हणाले, "आक्का, आमचं मंडळ दरसाल सीमाभागातल्या कलावंतांचा जीवनगौरव करतं. ज्यांनी जन्मभर कला सांभाळली त्यांचा, आणि ज्यांनी त्या कलावंतांना खांदा दिला त्यांचाबी."

मी म्हटलं, "खांदा द्यायला अजून टाइम हाय की ओ. मी जित्ती हाय."

गृहस्थ हसून हसून टोपी सावरायला लागले. मग म्हणाले, "यंदा तुमच्या गावातनं दोघं. तुम्ही, आणि रवळू साऊंडवाले. तुमचं गाणं गावाच्या कानावर घातलं ते त्यांनी." आणि म्हणाले, "सत्कार झाला की स्टेजवर घाणाच भरायचा, आक्का. मांडव आम्ही घालतो, उखळ-मुसळ आणि सवाशिणी तुम्ही आणा."

रवळूला सांगितलं तर त्याला खरंच वाटंना. "माझा कसला सत्कार, चंपाक्का? मी वायर ओढणारा माणूस."

"आता शालबी ओढ," मी म्हटलं. "थंडीचे दिवस हाईत."

हे झालं, आणि त्याच महिन्यात नातीचं जमलं. माझी प्रियदर्शनी. बेळगावात दवाखान्यात नर्स हाय, शिकलेली हाय, आणि माझ्यावर गेलेली हाय, म्हणजे कुणाचं ऐकत न्हाय. पोरगा संकेश्वरचा, स्वरूप नाव. माणसं चांगली, उसाचं रान हाय, घरात मोठा गोतावळा. वैशाखातली तारीख धरली. पाव्हणे जेवून गेल्यावर मी भांडी आवरत होतो, तवा सहज म्हणून गेलो, "माझ्या नातीच्या घाण्याला मी मांडवात बसणार हां. गोठ्यात न्हाय."

सून माधवी चुलीम्होरं होती. तिनं मान वर केली न्हाय. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आत्ती, संकेश्वरची माणसं जुन्या वळणाची हाईत. ह्या बारीला तेवढं मागंच बसा. उद्या काय कमी-जास्त झालं तर माझ्या पोरीला बोलतील. आजी मांडवात बसली होती म्हणून झालं म्हणतील."

माधवी वाईट न्हाय. सांगून ठेवतो, न्हायतर तुम्ही तिला राक्षशीण कराल. मला ताप आला तर रात रात उशाला बसती. पोरीच्या काळजीनंच बोलली ती. पण माझ्या काळजात सुरी गेली. परक्या बायकांनी गोठ्यात बसवलं ते मी सोसलं. आता माझ्याच घरच्या मांडवात, माझ्याच नातीच्या हळदीला, माझीच सून मला मागं बस म्हणत होती.

मी म्हटलं, "मग गाणं न्हाय."

"असं काय करताय, आत्ती? गाण्याबिगर घाणा..."

"कर्णा लाव. मोबाईल लाव. काय लावायचं ते लाव. मी मांडवात बसून म्हणणार, न्हायतर म्हणणारच न्हाय. माझी जीभ हाय, मी कुलूप लावीन."

तिकडनं प्रियदर्शनी बाहेर आली. "आजी न्हाय तर घाणाच नको मला. कोर्टात लग्न करतो." झालं! आई रडायला लागली, बाप कपाळाला हात लावून बसला. घरात अबोला पडला. एकाच चुलीवरची भाकरी आम्ही तिघी तीन कोपऱ्यांत बसून खायला लागलो.

मी मात्र मनात ठरवलं होतं. बेळगावच्या स्टेजवर मांडव घालणार हाईत न्हवं? बरं झालं. संकेश्वरच्या माणसांना आवतण द्यायचं. हजार माणसांदेखत मी उखळाशेजारी बसणार, तोंड दाखवून गाणार. बघू दे त्यांना. ज्याला काय बोलायचं ते तोंडावर बोलू दे. त्यानंतर माझ्या घरच्या मांडवातनं मला कोण उठवतंय ते मी बघतो. आणि तिथंच कुणी नाक मुरडलं, तर मग वैशाखात मी गपगुमान गोठ्यात जाऊन बसणार, नातीसाठी. असा सगळा डाव मी त्या एका दिवसावर लावला होता.

कार्यक्रम रविवारी सकाळी. हॉल भरलेला. आमच्या गावातनं टेंपो भरून बायका आलेल्या. येळ्ळूरला, सांबऱ्याला, कुठंकुठं दिलेल्या लेकी आलेल्या. स्टेजवर मांडव एकदम झकास. आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट, मधोमध आमचं उखळ, कांडण्याचा आवाज यावा म्हणून उखळाजवळ एक छोटा माईक, आणि बाजूला तांबड्या गादीची खुर्ची. खुर्चीवर कागद चिकटवलेला, 'श्रीमती चंपाबाई'. मी दोनदा जाऊन बघून आलो.

आणि नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात तसं, पाचवी सवाशीण ऐनवेळी तापानं फणफणली. माधवीसकट चौघीच. मारुतीराव घाबरेघुबरे झाले. तर प्रियदर्शनीनं काय करावं? पहिल्या रांगेत तिची होणारी सासू बसलेली, जयाबाई. उंचीपुरी बाई, नाकात मोठी नथ, मराठी आणि कन्नड एका दमात बोलणारी. पोरीनं सरळ तिचा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही चला." जयाबाई "अय्यो, मी? मला कुठं येतंय?" म्हणत म्हणत स्टेजवर आलीसुद्धा. माधवीच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याकडं बघून तिनं हात जोडल्यासारखं केलं. म्हणजे आत्ती, आता तरी हट्ट सोडा.

मी मान फिरवली.

आधी सत्कार झाले. मला शाल, नारळ, मानपत्र. मारुतीरावांनी माझ्याबद्दल एवढं चांगलं सांगितलं की मलाच शंका आली, ही बाई कोण म्हणून. टाळ्या थांबंनात. मग रवळूला फेटा बांधला. फेट्यात तो एकदम नवरदेव दिसायला लागला. त्याला दोन शब्द बोला म्हटलं. गडी माईकम्होरं गेला, माईकवर टिचकी मारली, "हॅलो, हॅलो, चेक," म्हणाला, आवाज बराबर हाय म्हणून मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला. हॉलमधली माणसं हसून लोळायची बाकी राहिली.

तेवढ्यात घाण्याची घोषणा झाली, आणि हॉलचा माईक शिट्टी मारायला लागला. कूंऽऽ करून कान फाटायची पाळी. तिथली पोरं बटणं फिरवतायत, काय जमंना. रवळूच्यानं बसवंना. फेट्यासकट उठला, "सरका रं," म्हणून पोरांना बाजूला केलं, शिट्टी मारणारा माईक बंद केला, आपली वायर, आपला माईक काढला, भेंडोळं सोडत सोडत स्टेजच्या कडेनं गेला. माझ्याजवळ आला. "चंपाक्का, चल."

मी चाललो की त्याच्यामागं!

आता काय सांगू? डोक्यानं न्हवं, पायांनी चाललो. एवढ्या वर्षांची सवय, रवळू चल म्हणाला की पाय उचलायचे. तो पडद्यामागं गेला, मी पडद्यामागं गेलो. त्यानं तिथं कुठनं तरी पोतं पैदा केलं, दुमडून घातलं, माईक ठेवला. मी शाल सावरून बसलो. तो गेला म्होरं, आवाज बघायला. त्याच्या ध्यानात आलं न्हाय, माझ्या ध्यानात आलं न्हाय. पलीकडं सवाशिणींनी मुसळ उचललं, मी डोळे मिटले आणि गाणं धरलं.

*हळद कांडा बाई, हळद सांगलीची,*
*नवरी न्हाया बसली, लेक चांगलीची...*

आवाज लागला. लईच लागला. हॉलात पार शेवटपर्यंत गेला, आणि माणसं गप झाली ते मला कळलं. उखळातनं मुसळाचा ठोका येत होता. तिसऱ्या ओवीला मी डोळे उघडले.

म्होरं काळा पडदा. पडद्याच्या फटीतनं माधवीची पाठ दिसत होती. त्याच्या पल्याड उखळ. आणि उखळाशेजारी तांबड्या गादीची खुर्ची, रिकामी. माझ्या नावाचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता.

अगं आई गं!

ज्या एका गोष्टीसाठी मी सुनेशी अबोला धरला, नातीला रडवलं, त्या गोष्टीला पाठ फिरवून मी आपल्या पायांनी मागं येऊन बसलो होतो. कुणी ढकललं न्हाय, कुणी सांगितलं न्हाय. आणि हॉलातली एवढी माणसं, आमच्या टेंपोतल्या बायकासुद्धा, कुणालाच काय चुकलंय असं वाटलं न्हाय. चंपाबाई मागंच असती! मला माझाच असा संताप आला की ओवी अर्धीच सोडली. गाणं तुटलं.

मुसळ थांबलं. मग बायकांच्यातनं कुजबूज उठली, घाणा मोडला, घाणा मोडला.

रवळू धावत आला. "काय झालं चंपाक्का? वायर गेली?"

"वायर न्हाय, अक्कल गेली. तुझी बी आणि माझी बी. कुठं आणून बसवलायस रं मला?"

त्यानं पडद्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. फेट्यावरच हात मारून घेतला. डोळ्यात टचकन पाणी आलं गड्याच्या. "आक्का, माझ्याकडनं... हाताला सवय..."

"रडू नको. ओढ वायर म्होरं."

त्यानं ओढली. वायर पुरंना. मागल्या बाजूच्या हिशोबानंच सोडली होती ना त्यानं! हिसके मारायला लागला.

"मरू दे ती," मी म्हटलं. "बिनमाईकचं म्हणतो." आणि पडदा सारून मी म्होरं आलो.

उजेड एकदम डोळ्यात गेला. क्षणभर कुणी दिसंना. मग माणसं दिसायला लागली, आणि त्यांना मी. खुर्चीकडं जायचं होतं मला, तसंच ठरवलं होतं. पण उखळाजवळ पाचजणी मुसळ धरून खुळ्यागत हुभ्या होत्या, मोडलेला घाणा सांधायचा होता, आणि तसल्या वेळी गादीवर जाऊन काय बसायचं? मी सरळ गेलो आणि मुसळाला हात घातला.

माधवीचं तोंड पांढरंफटक पडलं. बाकीच्या तिघींनी एकमेकींकडं बघितलं. माझ्या मोकळ्या मनगटाच्या बरोबर वर जयाबाईचा हात होता, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मीबी बघितलं तिच्याकडं, डोळा न्हाय काढला. काढ म्हण आता हात, म्हटलं मनात. काय ते एकदा होऊन जाऊ दे.

जयाबाईनं आपला हात वीतभर वर सरकवला. "नीट धरा आक्का," ती म्हणाली. "जड हाय तुमच्याकडचं मुसळ. माझा खांदा गेला की ओ!"

छोटा माईक उखळाशेजारीच होता. ते सगळ्या हॉलात ऐकू गेलं. पहिल्यांदा कोण हसलं ते ठाऊक न्हाय, पण मग जे हसू आणि टाळ्या सुरू झाल्या! मी म्हटलं, "उचला गं!" आणि मुसळ वर गेलं.

मी गाणं परत धरलं. रवळूच्या माईकबिगर, छाती फोडून. मांडवात हुभं राहून, माणसांच्या डोळ्यात डोळा घालून गायची चव मी इसरूनच गेलतो. पाठीमागं म्हैस न्हाय, भिंत न्हाय, म्होरं माणसं. प्रियदर्शनी पहिल्या रांगेत हुभी राहून टाळ्या वाजवत होती, डोळ्यातनं पाणी गळत होतं आणि तोंडानं हसत होती. रवळू वायर टाकून तिथंच खाली मांडी घालून बसला होता.

हळद बारीक होत आली. शेवटाला नावाच्या ओव्या असतात. ज्या ज्या बाईचा हात मुसळावर हाय तिचं नाव गाण्यात घ्यायचं, आणि नाव घेतल्यावर बाकीच्यांनी झेलायचं. एकही नाव सुटता कामा नये, ही रीत. मी धरलं,

*मुसळ कुणा हाती गं, मुसळ कुणा हाती?*
*माधवी घरची सून, हिरवा चुडा हाती.*

बायकांनी झेललं. मग बाकीच्या तिघी, एकेक करून. पाचवी,

*जयाबाई पाव्हणी बाई, हिरवा चुडा हाती.*

जयाबाई लाजून लाल झाली, आणि तिच्या संकेश्वरच्या माणसांनी अशी शिट्टी मारली म्हणता! मी सहाव्यांदा विचारलं, *मुसळ कुणा हाती गं, मुसळ कुणा हाती?* आणि थांबलो.

सहावा हात माझा होता. आपलं नाव आपण घ्यायची रीत न्हाय. गाणारी मुसळ धरत न्हाय, म्हणून आजवर अशी येळच आली न्हवती. मुसळ वर अधांतरी, सहाजणी हात ताठ करून हुभ्या, आणि नाव कुणी घेईना.

जयाबाईनं माधवीला कोपरानं ढोसलं. "घ्या की ओ नाव. घरचं माणूस तुम्ही."

माधवी कुजबुजली, "सासू हाईत त्या. सासूचं नाव तोंडानं कसं घेऊ?"

"मग वैशाखात काय करणार हायसा?" जयाबाई म्हणाली. तिला कुजबुजायला येतच न्हाय. "आपल्या पोरीच्या घाण्यातबी असंच मुसळ वर धरून हुभं ऱ्हायचं व्हय? माझे हात तुटतील तवा!"

हे बी माईकमधनं सगळ्यांनी ऐकलं. माधवीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी आम्ही सरळ एकमेकींकडं बघत होतो. सून म्हणून घरात आल्यापासनं जे नाव तिनं एकदाबी उच्चारलं न्हवतं, ते तिनं हजार माणसांत धरलं. सूर ना ताल. पण असा खणखणीत आवाज तिच्यात हाय हे मला ठाऊक न्हवतं.

*चंपाबाई सासू माझी...* एवढं म्हणून अडखळली. पुढं हिरवा चुडा, तो माझ्या हाती कुठला? पोरगी कावरीबावरी झाली. आणि मग डोळे घट्ट मिटून तिनं आपलंच जोडलं,

*...गाव तिच्या पाठी!*

हॉल उठला. खोटं सांगत न्हाय, उठला. आमच्या टेंपोतल्या बायका, दिलेल्या लेकी, माझ्या गळ्याखालनं गेलेल्या सगळ्या नवऱ्या, आता कुणाचे केस पांढरे, कुणाच्या कडेवर नातवंड, सगळ्यांनी ती ओळ झेलली. मारुतीराव टोपी काढून हुभे. रवळूनं फेटा काढून हवेत उडवला. मुसळ धाडदिशी खाली आलं आणि हळद सगळ्यांच्या तोंडावर उडाली, माझ्याबी.

शेवटची ओवी मला धरायची होती. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटंना. गाणं आठवंना, सूर सापडंना. जन्मात पहिल्यांदा मी घाण्यात गाणं इसरलो, आणि मुसळाला धरून ढसाढसा रडायला लागलो. पण ह्या बारीला गाणं मोडलं न्हाय. माधवी म्हणत होती. बेसूर, एकाच चालीत, परत परत तीच ओळ, माझं नाव घेऊन.